खालाच्या हातचं तिकीट

नोकरी सुटल्यावर धम्मानंदनं अंबरपेठेत किराण्याचं छोटं दुकान टाकलं. सुरुवातीला बरं चाललं. मग कोपऱ्यावर सुपरमार्केट आलं आणि गिऱ्हाईक तिकडं वळलं. दुपारभर तो पंख्याखाली बसून रस्ता बघायचा. माधवी, त्याची बायको, दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला होती, म्हणून घर चाललं होतं.

अशात अप्पाराव आला. इथं लॉटरीला बंदी, म्हणून परराज्यातली लॉटरीची तिकिटं तो चोरून दुकानांना पुरवायचा.

“कमिशन चिल्लरच आहे, धम्मानंदगारू,” तो तेलुगू अदबीनं म्हणाला. “पण तिकिटाला आलेला माणूस रिकाम्या हातानं जात नाही. साबण नेतो, सिगारेट नेतो. निकाल बघायला पुन्हा येतो. अन् एकदा बक्षीस लागलं, की अख्खी गल्ली तुमची.”

धम्मानंदनं तिकिटं ठेवली आणि तसंच झालं. सलीम रिक्षावाल्याला बक्षीस लागलं आणि दुकानासमोर गर्दी उसळली. तांदूळ, तेल, डाळ, सगळंच उठू लागलं.

एका दुपारी सलीम पुन्हा तिकिटाला आला.

“भाई, आज भी पीछे बैठी सो खाला के हात से देव.”

धम्मानंदनं वळून पाहिलं. तांदळाची पोती होती. तापलेल्या पत्र्याचा आणि हिंगाचा वास होता. मावशी म्हणावं असं कुणी नव्हतं.

“कौन खाला?”

सलीम नुसता हसला. त्याच्या मागचा माणूसही म्हणाला, “हमकू भी उनकेच हात से.”

भुताखेतांच्या गोष्टींना धम्मानंदच्या घरात कधी थारा नव्हता. गिऱ्हाइकांनी एकमेकांत काहीतरी पसरवलंय, एवढंच त्यानं धरलं. मागितलं की तो तिकीट खांद्यावरून मागे न्यायचा, क्षणभर थांबायचा आणि पुढं द्यायचा. लोक समाधानानं जायचे. जाताना तेलाची पिशवीही न्यायचे.

हळूहळू बोलणं बदललं. कुणी तिला खाला म्हणायचं, कुणी अम्मा. आज अम्मा पोत्यावर नाहीत, स्टुलावर बसल्यात. आज उभ्या आहेत. कुणी हे घाबरून सांगत नव्हतं, हवापाण्याचं बोलावं तसं सांगायचे.

मग एका रविवारी माधवीनं चहाचा कप ठेवत विचारलं, “दुकानात बाई ठेवलीत, मला सांगितलंही नाही?”

“कोण म्हणालं?”

“शेजारच्या कुसुमताई. काल साखर न्यायला आल्या होत्या ना.” ती थांबली. “तुमच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती म्हणे...”

धम्मानंद हसायला गेला, पण हसू आलं नाही. त्यानं सगळं सांगितलं.

“ती तिकिटं आधी परत करा,” ती म्हणाली.

सोमवारी त्यानं अप्पारावला बोलावून सगळा गठ्ठा हातात दिला. अप्पाराव दुकानात शिरला नाही, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. त्याची नजर धम्मानंदच्या डोक्यावरून मागे गेली होती.

“बंद करायचं तर करा...” तो दबक्या आवाजात म्हणाला. “पण त्यांना विचारलंत का?”

उत्तराची वाट न बघता तो निघून गेला.

दुपारी ऊन रणरणत होतं. रस्ता सुना पडला होता. धम्मानंदला हलकं वाटत होतं. गिऱ्हाईक कमी होईल, होऊ दे, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. तेवढ्यात सलीमची रिक्षा थांबली. तो घाम पुसत समोर आला.

“सलीमभाई, टिकटां बंद कर दिया मैं,” धम्मानंद म्हणाला.

सलीम त्याच्याकडं बघतच नव्हता.

“खाला, एक साबण देव,” तो म्हणाला. “भाई नै दिखरे आज?”

“अरे, मैं इधरीच हूँ...” धम्मानंदनं त्याच्या तोंडासमोर हात हलवला. सलीमची पापणीसुद्धा लवली नाही.

मागच्या फळीवर काहीतरी सरकलं. सलीमनं हात पुढं करून साबण घेतला. खिशातून नाणी काढली आणि धम्मानंदच्या कानाजवळून मागे धरून सोडली.

नाणी खाली पडल्याचा आवाज आला नाही.