दुसरा टाक

चकाकतं ते सगळं सोनं नसतं, हे तृप्तीला म्हणीतून शिकायची गरज नव्हती. ती गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची आणि तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र एक ग्रॅमवालं होतं. खरं बँकेच्या लॉकरमध्ये. मोटारसायकलवरून येऊन गळ्याला हिसका मारणाऱ्यांच्या धास्तीने कॉलनीतल्या निम्म्या बायकांनी हाच शहाणपणा केला होता. अशा दागिन्यांची निगा कशी राखायची, हे विचारायला शेजारणी तिच्याकडेच यायच्या. तीही वर्गात सांगावं तसं सांगायची. सेंट लावून झाल्यावर दागिना घालायचा, आधी नाही. कोमट पाण्यात शाम्पूचा थेंब, लहान मुलांचा मऊ ब्रश, हलका हात, आणि लगेच सुती कापडाने टिपून घ्यायचं. टूथपेस्ट, खायचा सोडा, चिंच यांच्या नादी लागायचं नाही. मुलामा केसाहून पातळ असतो, घासला की गेला.

त्या मंगळसूत्रात वाट्यांच्या शेजारी एक टाक ओवलेला होता. नखाएवढा, सोन्याचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा आणि त्यावर ठोकलेली बाई. डोळ्यांचे दोन ठिपके, तोंडाची एक रेघ. तिच्या नवऱ्याची, योगेशची, पहिली बायको निकिता तापाने गेली. तिच्या जागी येणारीने तिचा टाक गळ्यात घालायचा, ही त्यांच्या घरची रीत. सासूबाईंनी, म्हणजे विंचूरच्या कुसाबाईंनी, लग्नातच बजावलं होतं, "आधी तिला, मग तुला." नवी साडी आधी टाकाला लावायची, हळदकुंकवाचं बोटही आधी टाकाला.

तृप्तीला त्यात वावगं वाटलं नाही. गेलेल्या बाईचा हेवा करत बसण्याइतकी ती रिकामटेकडी नव्हती. तिला हवं होतं ते निराळंच. निकिताची बालवाडीत जाणारी मुलगी, सई, तिला 'मावशी' म्हणायची. तिच्याकडून वेणी घालून घ्यायची, डब्याला काय हवं ते हक्काने सांगायची, कुशीत शिरून झोपायची, पण मावशीच. 'आई' या एका हाकेसाठी तृप्तीचा जीव तुटायचा. आणि अशी हाक काही मागून मिळत नसते.

उन्हाळ्यात घामाने टाक काळवंडला, तेव्हा तिने तो पहिल्यांदा धुतला. टिपून उजेडात धरला तर ठिपक्यांच्या जागी पापण्या होत्या. मळाखाली झाकल्या असतील, असं म्हणून तिने तो पुन्हा गळ्यात घातला. पुढच्या धुण्यात नाकपुडी दिसली. त्यापुढच्या खेपेला खालचा ओठ, थोडा जाड, एका बाजूला किंचित ओढलेला. हॉलमधल्या फोटोत निकिताचा ओठ तसाच होता.

तृप्ती घाबरली नाही. तिचं कुतूहल चाळवलं. घासून मुलामा उडतो, नक्षी बुजते. इथे उलटी गंगा वाहत होती.

"योगेश, हा चेहरा बघ ना."

योगेशने टाक हातात घेतला आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला. "सराफ बाजारातून आणला तोच आहे. तुझा चष्मा बदलायला झालाय," तो म्हणाला. त्या दिवसापासून तिच्याशी बोलताना तो तिच्या गळ्याकडे बघेनासा झाला.

नुसत्या डोळ्यांवर विसंबण्यापेक्षा पडताळा बरा. तृप्तीने त्याच दुकानातून तसलाच दुसरा टाक आणायचं ठरवलं. ट्रेमध्ये सगळे सारखे होते, दोन ठिपके आणि एक रेघ.

"कुणाच्या नावाचा?" दुकानदाराने विचारलं.

"कुणाच्याच नाही. मला नुसता तपासायचाय."

पुडी बांधता बांधता त्याचा हात थांबला. मग त्याने ती काउंटरवर ठेवली आणि तिच्याकडे सरकवली.

प्रयोग करायचा तर चोख करायचा. दोन्ही टाकांना सारखा घाम मिळावा म्हणून तिने दुसराही गळ्यात ओवला. एकाच पाण्यात, एकाच ब्रशने दोन्ही धुऊ लागली. दुसऱ्याच्या नाकाशी लवकरच तांब्याची लाली दिसली, आणि ती बघून तिला केवढा आनंद झाला! शास्त्र जागेवर होतं. कोडं होतं ते पहिल्याचं.

कुसाबाई द्राक्षांची पेटी घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"दोन?"

"दुसरा नमुना आहे, आत्याबाई. ताडून बघायला."

"टाक नमुन्याचा नसतो बाई. त्यो कुनाचा तरी असतो." त्यांनी पदर तोंडाशी नेला. "सराफाकडून येतो तवा रिकामा असतो. गळ्यात घातला की त्याला धनीण लागती. लय वाईट केलंस."

तृप्ती हसली. सासूशी वाद घालून कुणाचं भलं झालंय! निघताना कुसाबाईंनी करंडा मागितला. त्यांनी निकिताच्या टाकाला बोट लावलं, मग दुसऱ्या टाकाला लावलं आणि करंडा मिटला.

"आत्याबाई, मला?"

"लावलं की गं आत्ता."

एवढं बोलून त्या आपल्याच बोटाकडे बघत राहिल्या. चहा न घेताच त्या निघून गेल्या.

दुपारी तृप्तीने दोन्ही टाक धुवायला काढले. दुसऱ्याच्या नाकावरची लाली नाहीशी झाली होती. ठिपक्यांना पापण्या फुटल्या होत्या. वर भुवया होत्या आणि उजवी मधोमध तुटलेली होती.

लहानपणी पायरीवर आपटून तृप्तीची उजवी भुवई फाटली होती. तिथे केस कधी आलेच नाहीत.

आता मात्र ती घाबरली. तिने टूथपेस्ट घेतली. मग सोडा, मग चिंच. भांड्यांची तारेची घासणीही घेतली. बोटं सोलून निघेपर्यंत तिने पत्रा घासला.

चेहरा आणखी रेखीव झाला.

तिने तो ओट्यावर टाकला आणि हात पुसायला मागे बाल्कनीत गेली. कुंकवापासून तुटक्या भुवईपर्यंत सगळ्याचं काहीतरी कारण असणार, आपल्याला ते अजून सापडलेलं नाही, असं ती स्वतःला बजावत राहिली.

बाहेर शाळेची व्हॅन थांबली. योगेशने दार उघडल्याचा आवाज आला. सईची पावलं स्वयंपाकघरात शिरली.

"आई!"

तृप्तीच्या काळजात लख्ख झालं. सगळी भीती, सगळे टाक ती क्षणात विसरली. धावत येऊन ती बाल्कनीच्या दारात उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

"ओ, बाळा! आधी हात धुऊन ये बरं. बाल्कनीतल्या नळावर."

सई ओट्याशी टाचा उंचावून उभी होती. तुटक्या भुवईचा टाक तिच्या तळहातावर होता. तो सांगतोय ते नीट ऐकत असल्यासारखी तिने मान कलती केली.

"हो आई," ती टाकाला म्हणाली.

मग ती टाक मुठीत धरून नळाकडे निघाली. अरुंद दारात तृप्ती उभी होती. सई थांबली नाही, अंग चोरलं नाही. ती सरळ चालत बाल्कनीत गेली.