बांगड्यांशेजारी बॅक्स

वीज गेली, जनरेटरनेही मान टाकली, आणि पोमा थर्माकोलचा डबा छातीशी धरून विद्यापीठाच्या फाटकाबाहेर धावत सुटली. कुमासी शहरावर हरमाटानच्या कोरड्या वाऱ्याची धूळ उतरली होती. ओठ फुटत होते, दुपार पिवळट दिसत होती. रस्त्यापलीकडे एकाच दुकानातून यंत्राची घरघर ऐकू येत होती. ताविया कोल्ड स्टोअर. गोठवलेले मासे, ठोक व किरकोळ.

"दादा, जरा... हे तुमच्या फ्रीजरमध्ये ठेवाल?"

काउंटरमागच्या उंच तरुणाने आधी डबा बघितला, मग तिला. "आत काय आहे?"

"बॅक्स."

"हा कुठला मासा?"

पोमाला दम लागलेला होता, तरी हसू फुटलंच. "मासा नाही हो. प्रथिन आहे. तुमच्याही अंगात असतं."

"माझ्या?" त्याने स्वतःच्या पोटाकडे संशयाने पाहिलं. "मग ठेवा बांगड्यांच्या शेजारी. ते शेजारधर्म पाळतात."

"वास नाही ना लागणार?"

"कुणाला? तुमच्या डब्याला, की माझ्या बांगड्यांना?"

त्या मोसमात वीज वारंवार गेली. पोमाने वीजमंडळाला एकदाही शिव्या दिल्या नाहीत, आणि तिची मैत्रीण एसी तेवढ्यावरूनच काय ते समजली. वीज गेली की डबा उचलायचा, रस्ता ओलांडायचा, आणि बांगड्यांच्या खोक्यावर बसून त्या तरुणाने, म्हणजे तावियाने, आणलेली तिखट तळलेली केळी एकाच कागदातून खायची. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

"पण हे बॅक्स करतं काय?" त्याने एकदा विचारलं.

"पेशी बिघडली ना, की आतून तिला सांगतं, 'बाई, आता निघ.' पेशीच्या आत इवलाली वीजघरं असतात, त्यांना भोकं पाडतं. मग पेशी गुपचूप आवरून जाते."

"म्हणजे वीजमंडळातच कामाला आहे म्हण की!"

"गप रे! कर्करोगाच्या पेशी त्याचं ऐकत नाहीत. जबडा सुजलेली लेकरं वॉर्डात बघितलीस ना, तर हसणार नाहीस. त्यांच्या पेशींमधलं झोपलेलं बॅक्स जागं करता येतं का, तेच बघतेय मी."

तो खरंच हसला नाही. बोटाला लागलेली केळ्याची मिरची पुसत राहिला. मग हळूच म्हणाला, "जुळ्या बहिणींच्या पाठीवर जन्मलो मी, म्हणून नाव ताविया. दोघींपैकी एक गेली... अशाच सुजेनं."

पोमाने त्याच्या मनगटावर हात ठेवला. बर्फासारखं गार होतं ते. तिने हात काढला नाही—त्यानेही काढू दिला नाही.

परदेशातून पाहुणे आले, त्या सकाळी पोमाने नवा पोशाख घातला होता. प्रयोगशाळेत विभागप्रमुख डॉ. अद्दाई पाहुण्यांना तिची ओळख करून देत होते, "ही आमची पोमा, विभागाचा अभिमान..." आणि तिला घाम फुटला. डबा! डबा काल रस्त्यापलीकडेच राहिला होता.

दार उघडलं. रबरी बूट, ओला एप्रन, कोपरापर्यंत चमचमणारे खवले. ताविया धापा टाकत हसत होता.

"पोमा, तुझं बॅक्स विसरलीस की गं!"

खोलीभर माशांचा वास पसरला. एका पाहुणीने रुमाल नाकाशी नेला. डॉ. अद्दाईंनी भुवया उंचावल्या. "हे कोण?"

पोमाच्या उजव्या हातात पाहुणीने नुकतंच दिलेलं कार्ड होतं. कार्ड खिशात टाकायला कितीसा वेळ लागला असता? पण तिने डावा हात पुढे केला. "मासेवाला आहे, सर. डबा पोचवायला आलाय." मग त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "बरं, निघा आता."

डावा हात. कुमासीत वैऱ्याकडूनही कुणी डाव्या हाताने काही घेत नाही.

ताविया क्षणभर त्या हाताकडे बघत राहिला. मग डबा त्याने त्या हातात न देता हळूच टेबलावर ठेवला. "हो, मॅडम," म्हणाला, आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.

प्रयोग उत्तम झाला. बॅक्स जागं झालेलं पडद्यावर सगळ्यांना दिसलं, टाळ्या पडल्या. पोमा हसली, आणि तिला ते हसू कुणीतरी तोंडावर चिकटवल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी ती दुकानात गेली. तो बायकांना मासे मोजून देत होता.

"काय देऊ, मॅडम? बांगडा ताजा आहे तुमच्यासाठी."

'तुमच्यासाठी.' "एक... एकच बांगडा," ती पुटपुटली. मासा घेऊन घरी आली, शिजवला, आणि न खाताच झाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, पुन्हा बांगडाच घेऊन आली.

"अगं, माफी मागायला जातेस की बाजाराला?" एसी वैतागली. "त्याच्या मावशीला धर. मधे मोठं माणूस असल्याशिवाय अशा गोष्टी सुटत नाहीत."

कोनाडू मावशी बाजारात मासे धुरावर सुकवायची. धुराने लाल झालेले डोळे बारीक करून तिने सगळं ऐकलं.

"डाव्या हातानं?"

"...हो."

"माझ्या तावियाकडून?"

"हो, मावशी." पोमाची मान वर होईना. "लाजेपेक्षा मरण बरं म्हणतात ना, तसं झालंय मला."

"मरतेयस कशाला? मेलीस तर माफी कोण मागणार, मी?" मावशीने पदराला हात पुसले. "चल."

भर गर्दीच्या वेळी मावशी पोमाला घेऊन दुकानात शिरली. "ताविया, ही पोरगी माझ्या पाठीशी आसरा मागतेय."

"तिला तोंड नाही का, मावशी?" तो बर्फ फोडत राहिला.

बायकांनी टोपल्या खाली ठेवल्या. पोमा पुढे झाली.

"मला तुझी लाज वाटली, ताविया. त्या लोकांपुढे... वासाची, बुटांची. तू माझी वर्षभराची मेहनत जपलीस, आणि मी तुला ओळखसुद्धा दाखवली नाही. आता मला माझीच लाज वाटते. आरशात बघवत नाही."

बर्फावरचा घाव थांबला. "वासाचं काय, मलाही येतो तो," तो म्हणाला. "पण तू 'निघा' म्हणालीस, पोमा. 'निघ' तरी म्हणायचंस."

तिला रडू कोसळलं. मावशीने टोपलीवाल्या बायकांकडे बघत डोळे वटारले. बायका उगाच माशांचे कल्ले तपासू लागल्या.

"शनिवारी आमच्या आजोबांचा मयतविधी आहे," जरा वेळाने ताविया म्हणाला. "सगळं गणगोत असेल. यायचं असेल तर ये. तू कोण, ते मी कुणाला सांगणार नाही. तुझं तूच सांग."

शनिवारी पोमा शोकाचं काळं-तांबडं वस्त्र नेसून गेली. मांडवात शेकडो माणसं, कर्णे, ढोल. रिवाजाप्रमाणे ओळीने हात मिळवत ती पुढे सरकली. ताविया पाण्याचे पेले भरलेलं ताट घेऊन लांब उभा होता. तिच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होता, पण ते त्याला अजिबात जमत नव्हतं.

शेवटच्या खुर्चीवर तावियाचे एक थोरले मामा बसले होते. त्यांनी तिचा हात सोडलाच नाही. "तू कुणाची गं, पोरी?"

"मी... तावियाची..."

"काय? ऐकू येत नाही! मोठ्यानं बोल!"

ढोल घुमत होते. पोमाने श्वास घेतला, डोळे मिटले, आणि जिवाच्या आकांताने ओरडली. नेमके त्याच क्षणी ढोल थांबले.

"मी तावियाची आहे!"

सगळा मांडव वळून बघू लागला. कुठेतरी पेल्यांचं ताट खळ्ळकन पडलं.

"अस्सं!" मामा समाधानाने म्हणाले. "मग उभी का? त्याला म्हणावं, खुर्ची आण. अन् पाणी... ते सांडलेलं दिसतंय."

पोमाने चेहरा ओंजळीत लपवला. ओंजळीपलीकडून भिजलेल्या चपलांचा चपचप आवाज जवळ येत होता... आणि खुर्ची ओढल्याचा.

"बस," ताविया म्हणाला. त्याचा आवाज हसत होता. "आता काय, लपून काही उपयोग नाही."