एका कान्याचं अंतर

"माशान पाण्याक दत्तक घेतल्यान? मगे पाणी काय म्हणाला?"

कोळंबहून मालवणला खाडी ओलांडणाऱ्या होडीत मागून हा प्रश्न आला, तेव्हा मी छत्रीआड इंग्रजी घोकत होते. त्रेपन्न सालचा श्रावण, मॅट्रिकचं वर्ष, आणि अंगावर झड. वळून पाहिलं तर एक सावळा मुलगा... चिंब भिजलेला, आणि वर हसतोय!

"तुमका काय करूचा आसा?" मी फणकारले.

"माका काय नाय. पण मासो अडॅप्ट करता. म्हणजे जुळवून घेता. तुम्ही म्हणालात अडॉप्ट, म्हणजे दत्तक. एका कान्यान घात केल्यान."

मला राग यायला हवा होता. आलं हसू.

तो गुरुदास. कुणकेश्वरचा, चार भावांतला तिसरा. मालवणच्या बंदरकचेरीत नुकताच कारकून लागला होता, बिऱ्हाड आमच्याच कोळंबला. मग रोज तो माझी वाट बघत एक होडी चुकवू लागला. तुम्हीचं तू कधी झालं, कळलंच नाही. एकदा उतरताना त्याने हात दिला, आणि पाय काठाला लागले तरी मी तो सोडला नाही.

"मथुरा, सोडशीत तर कचेरीत जाईन."

"आणि नाय सोडलंय तर?"

तो हसत पाण्याकडे बघू लागला. कान मात्र लाल लाल!

माझे आईबाप लहानपणीच गेले. मला वाढवलं परशुरामकाकांनी आणि काकीने. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्या वर्षी काका अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले, आणि मी गुरुदासला घरी नेलं. पेपर वाचून दाखवायला, असं म्हटलं. पण खरं सांगू? काकांना तो आवडावा, आणि त्यांनी आपणहून म्हणावं, "मथुरेक ह्यो बरो," एवढाच माझा डाव होता.

काकांना तो आवडला. नको इतका आवडला.

एका संध्याकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं. तोंड वाकडं झालेलं, शब्द तुटत होते. "मथुरा... तुका भाऊ हाडलंय गो. गुरुदासाच्या आवशीन होय म्हटल्यान. दत्तक घेतंय त्याका. माका अग्नी देवक झील गावलो!"

काकांना मुलगा मिळाला, मला भाऊ; दत्तक हा शब्द आता मला कुणी समजावून सांगायला नको होता. मी स्वयंपाकघरात गेले. "काकी, जावई नाय चलाचो?"

"जावई तो परक्याचो झील, बाये," काकी डोळे पुसत हसली. काकांनी त्या दिवशी कित्येक महिन्यांनी पेज पुरी संपवली होती.

दुसऱ्या दिवशी गुरुदास खाडीकाठी उभा होता. पाऊस नुसता रिपरिपत होता.

"तू नको म्हण," तो म्हणाला. "आत्ता म्हण. मी आवशीक सांगतंय, काकांक सांगतंय. काय होवचा ता होवंदे."

मी छत्री मिटली, पुन्हा उघडली.

"तुझा माझ्यावर मन आसा काय नाय? येवढाच सांग..."

"आसा," मी म्हटलं. "खूप आसा. पण ज्या हातान माका भरवल्यान, तो हात आता उचलणा नाय रे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली. त्या दिवशी आम्ही वेगवेगळ्या होड्यांनी गेलो.

दत्तविधानाला काकांना उशांच्या आधाराने बसवलं. होम झाला. नवं धोतर नेसून गुरुदास पाटावर बसला, आणि काकीने तबक माझ्या हातात दिलं. "ओवाळ गो भावाक."

मी कुंकवाचं बोट त्याच्या कपाळाला लावलं. कपाळ तापलेलं होतं. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले होते. जमलेल्या बायका म्हणाल्या, "कसो शांत झील आसा!"

"दादा म्हण गो त्याका," काका म्हणाले. त्यांच्या वाकड्या ओठांवर हसू होतं, सगळं घर माझ्याकडे बघत होतं.

निरांजनाची ज्योत हलली.

"दादा," मी म्हटलं.

डोळे न उघडताच त्याने ओ दिली.