बसला गो

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. पेणच्या नम्रताने मला हे स्वतः सांगितलंय, आणि ती थापा मारणाऱ्यातली नाही.

गेल्या मार्चमधली मंगळवारची दुपार. घरामागची पत्र्याची शेड.

नम्रता आणि तिची धाकटी बहीण मनस्वी तिथे कापडावर हाताने ठसे मारायच्या. आधी काळी रेघ, मग पिवळा, शेवटी लाल. प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा. खुणेच्या ठिपक्यावर ठिपका आला नाही, तर फूल बिघडलंच! नम्रता ठसा ठेवायची. समोरून मनस्वी डाव्या अंगठ्याने कापडाची कड दाबायची, वाकून बघायची आणि म्हणायची,

"बसला गो!"

मगच नम्रता वरून हात मारायची.

त्या मंगळवारच्या आठ दिवस आधी मनस्वीची स्कूटी धरमतरच्या जेट्टीवर सापडली.

मनस्वी नाही.

कुणी म्हणालं, रोहा स्टेशनवर दिसली. नम्रता फोटो घेऊन दोन दिवस रोह्यात वणवण फिरली. पण आशा सोडायला तयार नव्हती. सादिया नावाच्या गिऱ्हाइकाच्या निकाहची ओढणी अर्धी पडली होती, फक्त लाल राहिला होता. मनस्वी आल्यावर ओरडेल, म्हणून त्या सकाळी तिने नवा डबा फोडून लाल कालवला.

दुपारी पहिला ठसा ठेवला. समोरची कड एकटीला दिसेना.

तेवढ्यात...

"बसला गो."

नम्रताचा जीव सुपाएवढा झाला. "आलीस?"

समोर कुणीच नव्हतं.

पण कापडाची कड... ताणलेली होती.

दुसरं फूल. "बसला गो."

तिसरं...

आता तिला कळलं. ती रडत हात जोडून म्हणाली, "तू रोह्याला हाय ना गो? मग हितं बोलू नको. पाया पडते तुझ्या, नको बोलू!"

शेवटच्या फुलावर तिने ठसा मुद्दाम बोटभर वाकडा धरला.

शांतता...

मग अगदी जवळून, "सरकव गो."

हातातला ठसा खाली पडला. फोन वाजला.

नवरा होता, निलेश. "नम्रता... मनस्वी गावली."

"रोह्याला ना?"

"नाय गो. खाडीत."

निलेश चाचरत म्हणाला, "तिच्या डाव्या अंगठ्याला लाल रंग हाय. ओला. आठ दिवस पाण्यात ऱ्हाऊन... तुमचा लाल ठसा आधीच मारून झालेला काय?"

नम्रताने त्या सकाळीच कालवलेल्या लालच्या वाटीकडे पाहिलं.

सादियाने ती ओढणी कधीच मागितली नाही. नम्रताने मला ती दाखवली. सगळी फुलं चोख बसलीत. शेवटच्या फुलात मात्र लाल नाही.

"हे भरत का नाहीस?" मी विचारलं.

ती म्हणाली, "परत आवाज आला तर? आणि... नाय आला तर?"

मी ओढणीची घडी घालायला हात पुढे केला. समोरची कड हलकीशी ताणली गेली.

नम्रताचे दोन्ही हात तिच्या मांडीत होते.