तिसरी पिन

लाइट गेले ते बरंच झालं. नाहीतर तुम्ही कुणी गच्चीवर फिरकला असता होय? आनंद, कठड्यावरून ती तांब्याची पट्टी खाली गेलीय ना, तिला टेकून बसू नकोस. नाही रे, करंट नाही तिच्यात. वीज पडलीच तर जमिनीत जावी म्हणून लावलेली असते. तरी सरक. का ते सांगतो. मात्र मधेच "काहीतरीच काय काका" म्हणायचं नाही. म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणून घ्या.

उत्तमला तुम्ही सगळे ओळखता. आपल्या कोपऱ्यावर वह्या-पेन्सिली विकतो तोच. पूर्वी त्याचं स्टेशनजवळ रिपेअरिंगचं दुकान होतं. आधी टीव्ही, मग कॉम्प्युटर, मग लॅपटॉप. अख्ख्या डोंबिवलीत तेव्हा लॅपटॉप उघडायला धजणारी माणसं दोन-तीनच, आणि हा त्यातला एक. एक दिवस शटर खाली ओढलं ते ओढलंच. लोक म्हणतात धंदा बसला. धंदा चांगला उभा होता. उत्तमनं मला काय झालं ते सांगितलं, आणि हा माणूस गंमत म्हणूनसुद्धा खोटं बोलत नाही. पत्त्यात त्याच्यासारखा हरणारा मी दुसरा पाहिला नाही.

तर, बाळकुमचा एक महिपत म्हणून गृहस्थ होता. मूळचे खाडीवर मासेमारी करणारे लोक. ह्यानं होडी सोडली, जमिनीच्या व्यवहारात पडला, नवा बंगला बांधला. खाडीकाठची वडिलोपार्जित जागा बिल्डरला द्यायची, तिथं इमारती उठवायच्या, आणि त्यांचे नकाशे लोकांना दाखवायचे म्हणून लॅपटॉप घेतलेला. दसऱ्याला बुकिंग सुरू व्हायचं होतं. आणि लॅपटॉपचा पडदा थरथरायला लागला. मधेच थरथरणार, क्षणभर काळा होणार, परत येणार. कधी तासभर काही नाही. कधी मिनिटाला दहा वेळा.

उत्तमनं मशीन दुकानात आणलं. असले पडदे बहुतेक बिजागरीपाशी बिघडतात. आतली चपटी वायर झाकण उघडून-मिटून चेपते. त्यानं झाकण शंभरदा हलवलं. वायर काढून नवी घातली. चार दिवस मशीन चालू ठेवून समोर जेवला. पडदा हलला नाही. महिपत घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी फोन. "अरे उत्तम, पुन्हा सुरू झालं ना. मी बसलो की जास्तच." असं दोनदा झालं. तेव्हा उत्तम म्हणाला, खोट मशीनमध्ये नाही, तुमच्या घरात आहे. मी येतो.

तो वार मला पाठ आहे. रविवार, अठ्ठ्याण्णव सालची सर्वपित्री अमावास्या. उत्तमला त्याचं काय? त्याला सुट्टीचा दिवस सोयीचा. संध्याकाळी बाळकुमला पोचला.

दारात महिपतची आई बसलेली. सगुणाबाई. "आयलास कं? बस," म्हणाली आणि पुन्हा खाडीकडे तोंड केलं. तिच्या शेजारी भिंतीला एक वल्हं उभं होतं. एवढ्या नव्याकोऱ्या बंगल्यात वल्हं कशाला, असं उत्तमच्या मनात आलं. महिपतच्या बायकोनं, मालूनं, आत चहा देताना हळूच सांगितलं. ते वल्हं नाथाचं. नाथा म्हणजे महिपतचा धाकटा भाऊ. तीन वर्षांपूर्वी, बंगल्याचं काम चालू असताना, होडी घेऊन गेला तो आला नाही. होडी उलटी मिळाली. वल्हं मिळालं. नाथा नाही मिळाला.

"आज घराघरांत पानी सोडतात," मालू म्हणाली. "आमच्याकडं आई सोडू देत नाय. म्हनतात, माज्या पोराला डोल्यानी बघितल्याबिगर मी त्याला मेलेला म्हननार नाय. तीन वर्सं त्या अशाच बसतात. त्यांचा जीव अडकलाय त्यात."

उत्तमला वाईट वाटलं. पण तो आलेला पडदा बघायला. लागला कामाला.

मशीन प्लगला लावलं, पडदा थरथरला. प्लग काढून बॅटरीवर चालवलं, एकदम शांत. पुन्हा प्लग, पुन्हा थरथर. मग त्यानं एक युक्ती केली. प्लगला तीन पिना असतात ना, त्यातली वरची जाडी पिन, अर्थिंगची, ती वगळून नुसत्या दोन पिनांवर जोडलं. पडदा शांत. तिसरी पिन जोडली की थरथर. म्हणजे करंटमध्ये काही नव्हतं. जे काही येत होतं ते जमिनीकडून येत होतं.

"अर्थिंग कुणी केलंय?" उत्तमनं विचारलं.

महिपत म्हणाला, "खड्डा इलेक्ट्रिशियननं खणलेला. भरला मी."

"तुम्ही स्वतः?"

"हो. घाई होती."

तुमच्यापैकी कुणी अर्थिंगचा खड्डा पाहिलाय? माणूस उभा मावेल एवढा खोल. तळाशी तांब्याची प्लेट, तिच्यावर कोळसा, मीठ, कोळसा, मीठ असे थर. प्लेटची तार वर घरात येते आणि प्रत्येक सॉकेटच्या तिसऱ्या पिनेला जाऊन मिळते. घरातलं प्रत्येक यंत्र त्या खड्ड्याला बांधलेलं असतं. वर एक पाइप ठेवतात. त्यातून अधूनमधून पाणी घालायचं, म्हणजे जमीन ओली राहते आणि अर्थिंग नीट लागतं. विचारलं तर मालू म्हणाली, ह्या पाइपात कधीच कुणी पाणी घातलं नव्हतं. महिपत कुणाला त्या बाजूला फिरकूच द्यायचा नाही.

"मग झालं तर," उत्तम म्हणाला. "खड्डा कोरडा पडलाय. दोन कळशा मिठाचं पाणी घाला, आत्ता कळेल."

"आज नको. अवस आहे. उद्या बघू."

"दोन मिनिटांचं काम आहे."

"सांगितलं ना नको." आवाज चढला. उत्तमला नवल वाटलं. पाण्याला कोण नाही म्हणतं?

म्हातारीनं दारातून ऐकलेलं. ती उठली, कळशी भरली, त्यात मूठभर मीठ टाकलं. "पानीच वतायचं ना? मी वतते," म्हणाली आणि मागच्या अंगणात गेली. उत्तम दाखवायला मागोमाग गेला. त्याच्या हातात टेस्टर होता, स्क्रू-ड्रायव्हरसारखा असतो तो, मुठीत बारीक लाल दिवा असलेला. महिपत आतून "आये, नको" म्हणत राहिला, पण अंगणात आला नाही.

कळशी जड, पाइपाचं तोंड लहान. पाणी बाहेर सांडू नये म्हणून म्हातारीनं उजवा हात आडवा धरला. तिच्या अंगठ्यावरून पाणी खाली जाऊ लागलं.

अंगठ्यावरून पाणी कुणाला देतात, ते तुम्हाला सांगायला नको.

पाइपातून आवाज आला. उत्तम म्हणतो, कोरड्या मातीत पाणी मुरतं तसा नव्हता. घोट घेतल्यासारखा. एक. मग थांबून दुसरा. खूप तहान लागलेला माणूस आधी हळू पितो आणि मग गटागटा पितो, तसा... कळशी रिकामी झाली. म्हातारी हाताकडे बघत राहिली. तिच्याही ध्यानात आलं होतं.

आतून महिपत ओरडला, "थांबला! पडदा थांबला!" उत्तम आत गेला. पडद्यावर इमारतींचा नकाशा लख्ख, जरासुद्धा हलत नव्हता. महिपत घाम पुसत हसायला लागला. खुर्ची ओढून बसला. हात पुढे केला.

घरातले सगळे दिवे गेले.

उत्तमला वाटलं, ओलीमुळे कुठंतरी शॉर्ट झालं. त्यानं अंदाजानं जाऊन मेन स्विच स्वतःच्या हातानं खाली ओढला. परत येऊन लॅपटॉपचा प्लग उपटला. हे लक्षात ठेवा. मेन बंद. प्लग बाहेर. त्या घरात कुठंही करंट नव्हता. फक्त पडदा तेवढा बॅटरीवर उजळलेला.

आणि तो थरथरायला लागला.

आता सावकाश. उजेड... काळोख. उजेड... काळोख.

उजेड. महिपत खुर्चीत.

काळोख.

उजेड. महिपत मागच्या दाराकडे बघतोय. तोंड उघडं.

काळोख. जरा लांबला.

उजेड. खुर्ची रिकामी.

उत्तम अंगणात धावला. टेस्टर हातातून कुठंतरी पडला. महिपत पाइपाशी गुडघ्यावर बसलेला. जमिनीतून वर आलेली उघडी तार त्यानं दोन्ही हातांनी धरलेली. तोडायची होती त्याला. म्हणत होता, "सोड... नाथा, सोड..."

मग बोलणं बंद झालं.

त्याचं अंग ताठलं. हात तारेला चिकटले. करंट लागल्यावर माणूस चिकटतो तसा. मेन बंद होता रे... उत्तमनं स्वतः बंद केलेला. आणि तार सैल नव्हती. ताणलेली होती. महिपत तिला वर ओढत नव्हता. ती खाली चालली होती.

उत्तमनं हात पुढे केला आणि मागे घेतला. असल्या वेळी हात लावला की लावणारा पण जातो. लाकूड पाहिजे. तो ओरडला, "आजी, ते वल्हं! वल्ह्यानं ढकला त्याला!"

म्हातारी दारातून वल्हं घेऊन आली. धाकट्याचं वल्हं. महिपतसमोर उभी राहिली. वल्हं उचललं.

"नाथा कुटं हाय?"

महिपतला बोलता येत नव्हतं. पण डोळे हलत होते. त्यानं आईकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. पाइपाच्या बुडाशी. तिथंच बघत राहिला.

म्हातारीनं पण तिथं पाहिलं.

आतून पडद्याचा उजेड आला. गेला. आला.

तिनं वल्हं खाली केलं. भिंतीशी गेली. होतं तसं ते नीट उभं केलं.

उत्तम ते घ्यायला धावला. तिनं त्याला अडवलं नाही, पण तोवर... झालं होतं.

पोलिसांनी दुसऱ्या दिवशी खड्डा खणला. थर कोळशाचा, थर मिठाचा, आणि त्याच्या खाली नाथा. मिठामुळे ओळखू येत होता. जमीन विकायला त्यानं अंगठा दिला नव्हता, होड्या कुठं लावायच्या म्हणून. एवढंच त्याचं चुकलेलं. तांब्याची प्लेट छातीवर ठेवून सख्ख्या भावानं वरून खड्डा भरलेला. आणि तार नाथाच्या मुठीत होती. मूठ उघडेना. शेवटी तार कापून, तशीच मुठीत ठेवून त्याला अग्नी दिला. म्हातारीनं पोराला डोळ्यांनी पाहिलं. मोकळं रडली, गावात सगळ्यांच्या समोर. नाथाचं दहावं, तेरावं, सगळं रीतसर झालं.

महिपतला जाळलं मालूनं. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. पण दहाव्याला भटजी आले तेव्हा म्हातारी उंबऱ्यात आडवी बसली. "मी हाय तवर ह्याला पानी नाय," म्हणाली. "ह्यानं माज्या लेकराला तीन वर्सं तहानेला ठेवला. आता ह्यानं ऱ्हावं." कुणाची हिंमत झाली नाही. आजही त्याला कुणी पाणी सोडलेलं नाही. म्हातारी आहे अजून, चांगली ठणठणीत.

मला विचाराल तर तिनं योग्य केलं. हेमा, असं बघू नकोस माझ्याकडे. तुला पोर झाल्यावर बोलू.

हां, तो टेस्टर. चौकशी संपल्यावर उत्तमला परत मिळाला. त्यानं घरात ठेवून घेतला नाही, माझ्याकडे दिला. हा बघा, रुमालात गुंडाळलाय. हे असले टेस्टर करंट असलेल्या तारेला टेकवून, वरून बोट ठेवल्याशिवाय पेटत नाहीत. इथं तार नाही. लाइट गेलेत. माझं बोट रुमालावर आहे. आत्ता टोक वर आहे, बघा, दिवा विझलेला.

आता मी हा उलटा करतो... जमिनीकडे.

दिसला?