मेलेलं तेवढंच

मुकादमाचा जीव अगदी मेटाकुटीला आला होता. गावाबाहेरच्या आवारात मेलेली जनावरं फुगून पडली होती आणि गिधाडांचा पत्ता नव्हता. एरवी झाडाला टांगलेल्या रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर हातोडी हाणली, की ती कामावर हजर. दिवस मावळायच्या आत हाडं लख्ख. आता रूळ बडवून बडवून त्याचे खांदे भरून आले, तरी आकाश कोरंच. वास वस्तीपर्यंत गेला होता, आणि वरून साहेबांची बोलणी.

"माणसं दांड्या मारतात हे ठाऊक होतं. आता गिधाडंही?" तो ट्रकवाल्यावर खेकसला.

ट्रकवाल्याने नाकावरचं फडकं खाली ओढलं. "दांडी नाही मारली त्यांनी, मुकादम. तुमच्या घरी जातात."

घरी म्हणजे बाबांपाशी. या आवाराची मुकादमकी आधी बाबांकडेच होती. रूळ बडवून गिधाडं बोलवायची रीतही त्यांचीच. आई गेली आणि त्यांनी अंथरूण धरलं. ना धड जेवण, ना झोप. "तिला बोलवा" एवढाच घोषा. समजावून समजावून मुकादमाच्या तोंडाला फेस आला होता. डॉक्टरांनीही हात टेकले होते. असंच चाललं तर बाबाही जातील, या भीतीने त्याला नीट रागावता येत नव्हतं, आणि रागावल्याशिवाय राहवतही नव्हतं.

तो तणतणत घरी आला. बाबा अंगणात खुर्चीवर बसून नळाच्या पाइपावर उलथनं आपटत होते. भिंतीवर, छपरावर, पाण्याच्या टाकीवर गिधाडं बसली होती, एकही पंख न हलवता. बाबांच्या मांडीवर रिकामं ताट होतं. कित्येक दिवसांनी ते आपणहून जेवले होते.

"बाबा, काय चालवलंय हे? तिकडे माझी नोकरी जायची वेळ आलीय!"

"ओरडू नकोस. जेवतायत ती."

"काय जेवतायत? इथे आहे काय?"

"जिवंत माणसाला चोच लावत नाहीत. मेलेलं तेवढंच उचलतात." बाबांनी शेजारची खुर्ची पुढे ओढली. "मला हलकं वाटतंय बघ. बस. तूही किती दिवस वाहतोयस."

भांडायचंही त्राण नव्हतं. तो बसला.

सगळ्यात जवळच्या गिधाडाने त्याच्याकडे मान वळवली आणि काहीतरी गिळलं. अंगण स्वच्छ होतं. तरी त्या उघड्या गळ्यातून घास खाली उतरताना दिसला.

त्याला आईचा खोकला आठवत होता.

मग कुणीतरी खोकायचं, एवढंच आठवत होतं.

मग डोळा लागला.

सकाळी बाबा शीळ घालत दाढी करत होते. गिधाडं आवारात परतल्याचा ट्रकवाल्याचा फोनही येऊन गेला. मुकादम बूट चढवत होता, तेवढ्यात बाबा कपाटापाशी थबकले.

"हा चष्मा कुणाचा रे? बायकी दिसतो."

"असेल कुणा पाहुण्यांचा," मुकादम वैतागून म्हणाला. "लोक वस्तू विसरतात आणि निस्तरायचं आपण."

"पाहुणे कधी आले होते?"

त्यालाही आठवेना. चष्म्याची एक काडी सुतळीने बांधलेली होती. गाठ अगदी आपल्यासारखी मारलीय कुणीतरी, एवढं त्याच्या मनात आलं. जिचा असेल ती नेईल, म्हणून त्याने चष्मा कुंपणाच्या खांबावर अडकवला आणि तो कामाला निघाला.