आलेदिसची पट्टी

आमच्या मेखेलेन गावात एखादीने झगा शिवायला टाकला, की तिच्या नावाची चर्मपत्राची एक पट्टी कापतात. छातीला एक खाच, कमरेला एक, बाहीला एक. अक्षराची गरज लागत नाही. नवरा गेल्यापासून दुकान मी चालवते. भिंतीवर साठेक पट्ट्या टांगलेल्या आहेत आणि कुठली कुणाची ते मी डोळे मिटून, नुसत्या बोटांनी सांगेन. बाई वारली की तिची पट्टी शवपेटीत तिच्या हाताखाली ठेवायची, ही आमची रीत. "पुनरुत्थानाच्या दिवशी देवाला पुन्हा मापं घ्यायला नकोत," असं माझा नवरा हसून म्हणायचा.

ईस्टरआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांत आलेदिस आली. तिचा तांबड्या लोकरीचा झगा तिच्या लग्नात मीच शिवलेला. तिचा नवरा मिठाच्या जहाजावर जाऊन सात महिने झाले होते. आत येताच तिने दार लावून घेतलं.

"माख्तेल्डकाकू, कमरेत थोडा सैल करून द्या ना."

मी पट्टी लावली. खाचेच्या तीन बोटं पुढे. आमच्या हाताला हे सुइणीच्या आधी कळतं.

"काकू, कुणाला..."

"वेडी का तू? माझं तोंड म्हणजे दुहेरी शिवण."

मरियामातेची शपथ घेतली मी. शिवणीतली माया सोडली, दोन्ही कुशींना कापडाच्या दोन-दोन तिकोनी कळ्या घातल्या, पुढच्या नाडीला नवी काजं केली. पोट त्या घेरात हरवलं. तिने माझे दोन्ही हात धरून आपल्या गालांना लावले.

पुढच्या बुधवारी चौकात कोर्नेलिसबाबांचं प्रवचन होतं. हे भिक्षू गाऊन सांगायचे. मला त्या गाण्याचं भारी वेड. कडवं संपून दुसरं लागेपर्यंत श्वास घेत नसे मी. त्या दिवशी त्यांनी आळवलं,

उसवेल शिवण, सुटेल गाठ,
बोलल्या बोलाला नाही परतवाट.

माझे डोळे भरून आले. तेच गुणगुणत दुकानात आले, तर आलेदिसची सासू केर्स्टिनबाई उभ्या. शेजारी आणखी दोन गिऱ्हाइकं.

"सुनेचा झगा बघितला हो. कणगीत उभी केल्यासारखी दिसते पोर! तुझ्या नवऱ्याच्या हाताची सर नाही तुला. मापच चुकतं तुझं हल्ली."

गिऱ्हाइकांतली एक बाई फिसकन हसली.

"माझं माप चुकत नाही," मी म्हणाले. "अंगच बदललं, तर कळ्या घालाव्या लागतात."

केर्स्टिनबाईंनी भिंतीवरच्या पट्ट्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कुठं बदललं?"

मी मान खाली घातली. तेवढं त्यांना पुरलं.

शुक्रवारी आलेदिस डाइले नदीत सापडली. अंगावर तोच झगा. तिला बाहेर काढणारा कोळी सांगत होता, "कापड किती ते, बापरे! पाणी पिऊन असं जड झालेलं, दोघांना उचलेना."

त्यातल्या चार कळ्या माझ्या.

जीव दिला म्हणून तिला ना पवित्र जमीन मिळाली, ना पेटी. पट्टी खिळ्यावरच राहिली.

ईस्टरनंतर पंधरा दिवसांनी मला त्या पट्टीवर एक नवी खाच दिसली. कमरेच्या खाचेपुढे, माझ्या त्या तीन बोटांच्याही पुढे. कड पांढरी, ताजी. आधी वाटलं, उंदीर. पण उंदराचे दात इतके सरळ जात नाहीत. शिवाय माझ्या कात्रीच्या टोकाला एक टवका उडालेला आहे. तिने कापलं की कडेला केसाएवढा दातरा राहतो. या खाचेला तो होता.

पट्टी लाकडी पेटीत ठेवून किल्ली गळ्यात घातली. जूनमध्ये दुसरी खाच आली. जुलैत तिसरी. त्या मापाची दोरी जमिनीवर गोल मांडून मी बराच वेळ बघत बसले.

मग देवळात पापाची कबुली द्यायला गेले.

"बोल, बाई," कोर्नेलिसबाबा म्हणाले.

"बाबा, मी... उपासात लोणी खाल्लं."

ते हसले. "एवढंच?"

"एवढंच."

ऑगस्टमध्ये मरियामातेच्या सणाच्या सकाळी, देवळाच्या घंटा वाजत असताना, मी पेटी उघडली. नवी खाच नव्हती. हायसं वाटलं.

मग पट्टी उचलली.

खाली दुसरी होती. दीड वीत लांब. खाच एकच, छातीची.

कडेला तोच दातरा.

तिच्या झग्यातलं उरलेलं तांबडं कापड माझ्याकडे होतं. त्याचं एक अंगडं शिवलं आणि नदीच्या पायरीवर ठेवून आले. दुसऱ्या दिवशी ते तिथे नव्हतं. वारा असेल, नाहीतर एखादी गरीब लेकुरवाळी.

याला चार वर्षं झाली. दर वर्षी त्या सणाला ती लहान पट्टी दोन बोटं लांब झालेली असते आणि दर सणाला मी नवं अंगडं ठेवते. प्रवचनाला अजून जाते, पण मागे उभी राहते. कबुलीत यंदाही लोणीच सांगितलं.

यंदा कापड संपलं होतं, म्हणून रिकाम्या हातानेच नदीवर गेले. पायरीवर मागच्या वर्षीचं अंगडं होतं. ओलं, नीट घडी घातलेलं. दोन्ही कुशींची शिवण कुणीतरी हलक्या हाताने, एकही धागा न तोडता, उसवून ठेवली होती. सैल करून मिळावं म्हणून.